पचौली तेलाचे फायदे: सुगंध शंभर नंबरी, पण औषध म्हणून भरवसा किती? वापरण्याआधी हे वाचा

मोबाईल उघडला की हल्ली पचौलीच्या तेलाची जाहिरात दिसतेच. कोणी म्हणतं चेहऱ्यावरचे डाग जातात, कोणी म्हणतं केस गळायचे थांबतात, कोणी सांगतं डास जवळ फिरकत नाहीत. काही व्हिडिओत तर हे तेल पाण्यात टाकून प्यायलाही सांगतात. दुसरीकडे शेतकऱ्यांच्या ग्रुपवर वेगळाच मेसेज फिरतो, "पचौली लावा, तेल विका, लखपती व्हा."

यात खरं किती आणि बाता किती? पचौलीचं तेल चांगलंच आहे, त्याचे उपयोगही खरे आहेत. पण त्याचं मुख्य काम वासाचं आहे, रोग बरा करण्याचं नाही. हा फरक ध्यानात ठेवला तर छोट्या बाटलीचे पैसे वसूल होतात. नाही ठेवला तर पैसे जातात आणि कधी कधी दवाखानाही गाठावा लागतो.

पचौली म्हणजे आपली पाचच का?

पचौली ही तुळस, पुदिना यांच्याच कुळातली वनस्पती. कमरेएवढं झुडूप, मऊ लव असलेली रुंद पानं आणि पान चुरगळलं की ओल्या मातीसारखा, लाकडासारखा गडद वास. नाव तमिळमधून आलं असं मानतात. तमिळमध्ये 'पच्चै' म्हणजे हिरवा आणि 'इलै' म्हणजे पान.

मराठीत हिला पाच म्हणतात. दवणा, मरवा यांच्यासारखीच ही वासाची पानं. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. बाजारात ज्या तेलाला मान आहे ते 'पोगोस्टेमॉन कॅब्लिन' या जातीचं. तिचं मूळ फिलिपिन्स आणि आसपासच्या बेटांकडचं. आपल्याकडे दक्षिण भारतात तिची एक बहीण उगवते, 'पोगोस्टेमॉन हेनियानस'. दिसायला सारखीच, पण तिच्या तेलाला बाजारात तसा भाव नाही. त्यामुळे परसातली पाच आणि बाटलीतली पचौली एकच असेल असं धरून चालू नका.

आज जगातलं बहुतेक पचौली तेल इंडोनेशियातून येतं. तिथे या पिकाला 'निलाम' म्हणतात. सुमात्रा आणि सुलावेसी बेटांवरचे छोटे शेतकरी ते पिकवतात.

तेल निघतं कसं?

गुलाब-मोगऱ्याचा वास फुलात, पचौलीचा वास पानात. कापणी झाली की पाला सावलीत पसरून काही दिवस वाळवतात. मधून मधून तो उलटवावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. वाळताना पानातल्या तेलाच्या पिशव्या मोकळ्या होतात आणि तेल सहज बाहेर पडतं.

मग हा पाला भट्टीच्या टाकीत भरून त्यातून वाफ सोडतात. वाफ तेलाला घेऊन नळीतून पुढे जाते, थंड झाली की पाणी खाली आणि तेल वर राहतं. पचौलीचं तेल जड असल्याने या कामाला बरेच तास लागतात. साधारण १०० किलो वाळलेल्या पाल्यातून २ ते ३ किलो तेल मिळतं. बाटली लहान आणि किंमत मोठी असते त्याचं हेच कारण.

या तेलात 'पॅचौलॉल' नावाचा घटक साधारण एक तृतीयांशाच्या आसपास असतो. तो आणि त्याच्यासोबतचे इतर घटक जड असतात, लवकर उडून जात नाहीत. म्हणून पचौलीचा वास कपड्याला लागला की दिवसेंदिवस राहतो. लिंबाच्या सालीचं तेल जुनं झालं की खराब होतं, पचौलीचं मात्र नीट ठेवलं तर मुरत जातं आणि वास अधिक गोल होतो.

या तेलाचं खरं काम कुठे?

अत्तर, साबण, अगरबत्ती, धूप, डिटर्जंट, क्रीम. तुमच्या घरात यातलं काही असेल तर पचौली बहुधा आधीच घरात आलेली आहे. अत्तर बनवणारे तिला तळाचा वास म्हणतात. मोगऱ्याचा किंवा लिंबाचा वास लवकर उडतो, पचौली त्याला धरून ठेवते.

साबण किंवा अगरबत्ती बनवणाऱ्या बचत गटांना याचा थेट फायदा आहे. नुसता फुलाचा वास घातला तर माल दुकानात पडून पडून वास हरवतो. त्यात थोडी पचौली मिसळली की वास टिकतो. मात्र हात राखून घाला, जास्त झाली तर बाकी सगळे वास दाबून टाकते.

जुन्या काळची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात, तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये पचौलीची वाळलेली पानं घालत. तिकडच्या गिऱ्हाईकांना हा वास इतका ओळखीचा झाला की वास आला तरच शाल अस्सल, असं ते मानू लागले. मग युरोपातल्या नकली शालीवालेही आपल्या मालाला तोच वास देऊ लागले! वास आला म्हणजे माल खरा असं नसतं, हा धडा तेव्हाचा आणि आजही लागू आहे.

फायद्यांचे दावे आणि त्यातलं खरं

१. त्वचा आणि मुरुमं
प्रयोगशाळेत या तेलाने काही जिवाणू आणि बुरशीची वाढ रोखली, सूज कमी करणारा गुणही दिसला. पण काचेच्या बशीत जंतू मरणं आणि माणसाच्या अंगावरचा आजार बरा होणं यात मोठं अंतर आहे. पातळ केलेलं तेल मालिशीला, कोरड्या त्वचेला लावायला हरकत नाही. नायटा, गजकर्ण, इसब यावर मात्र ते औषध नाही. महिनाभर तेल चोळत बसलात तर नायटा घरभर पसरतो आणि मग उपचारही लांबतो. अशा वेळी सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

२. पायाच्या भेगा
भेगा मऊ करतं ते खोबरेल. पचौलीने त्याला वास येतो, लावायला बरं वाटतं. भेगेतून रक्त येत असेल तर वासाचं कोणतंच तेल लावू नका, आग होते. मधुमेह असलेल्यांनी पायावर घरगुती प्रयोग करूच नयेत.

३. केस गळणे
पचौली लावून टकलावर केस उगवतात याला आधार नाही. केस गळण्यामागे रक्त कमी असणं, थायरॉईड, बाळंतपण, टायफॉईड किंवा डेंग्यूसारखा मोठा ताप, अशी कारणं असू शकतात. ती तपासल्याशिवाय बाटल्या बदलून उपयोग नाही.

४. मन शांत होणे
इथे थोडा आधार आहे. दक्षिण कोरियात दवाखान्याच्या आपत्कालीन विभागातल्या परिचारिकांवर एक चाचणी झाली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. पचौलीचा वास घेतलेल्या परिचारिकांना ताण कमी जाणवला. चाचणी लहान आणि थोड्या वेळापुरती होती. आवडता वास घेतला की बरं वाटतं, हे तर आपल्याला उदबत्ती लावतानाही कळतं. दिवसभराच्या कामानंतर एखादा थेंब चालेल. पण झोपच लागत नाही, जगण्यात रस वाटत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांशी बोला.

५. डास पळवणे
हा दावा सर्वात जास्त विकला जातो आणि सर्वात जास्त धोकाही यातच आहे. थायलंडमध्ये ३८ वनस्पतींची तेलं डासांवर तपासली गेली, तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काहीही न मिसळलेली पचौली अंगाला लावल्यावर डेंग्यूचा डास सुमारे २ तास चावला नाही. म्हणजे गुण आहे. पण तेल निम्मं पातळ केलं तर ३८ पैकी एकही तेल २ तास टिकलं नाही.

आता अडचण पाहा. निव्वळ तेल अंगाला लावलं तर त्वचेला त्रास होऊ शकतो. पातळ केलं तर डास चावतो. म्हणून डेंग्यू, मलेरियाच्या दिवसांत लेकरांना पचौली लावून निर्धास्त होऊ नका. मच्छरदाणी, अंगभर कपडे, साचलेलं पाणी ओतून देणं आणि मेडिकलमधलं डास प्रतिबंधक क्रीम, हाच खात्रीचा मार्ग. डेंग्यूचा डास दिवसा चावतो हेही विसरू नका.

६. कपड्यातली कसर
लोकरी कपडे, पैठणी, जुन्या रेशमी साड्या यांच्या पेटीत पचौलीची वाळलेली पानं पुरचुंडी बांधून ठेवता येतात. तेल वापरायचं तर कापसाच्या बोळ्यावर ३-४ थेंब घेऊन तो डबीत ठेवा, डबीला भोकं पाडा. तेल थेट साडीवर पडलं तर पिवळट डाग पडतो, तो निघता निघत नाही. साड्या वर्षातून एक-दोनदा काढून घडी बदला, ही जुनी पद्धत तेलापेक्षा मोलाची.

वापरायचं कसं? एका चमच्याला एक थेंब

पचौलीचं निव्वळ तेल अतिशय तीव्र असतं. ते नेहमी खोबरेल, तीळ किंवा बदाम तेलात मिसळूनच वापरा. पाण्यात ते विरघळत नाही, वर तरंगतं आणि जिथे लागेल तिथे निव्वळच लागतं.

माप सोपं आहे.
• चेहऱ्यासाठी: चहाच्या एका चमच्याला (५ मिली) १ थेंब
• हातापायांच्या मालिशीसाठी: एका चमच्याला २ थेंब
• १०० मिलीच्या खोबरेल बाटलीत: २० थेंब, त्याहून जास्त नको
• खोलीत वासासाठी: कपूरदाणीच्या वाटीत पाणी घालून २-३ थेंब, खिडकी उघडी ठेवून अर्धा तास

पहिल्यांदा वापरताना मिसळलेल्या तेलाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि २४ तास थांबा. खाज, लाली, पुरळ आलं नाही तरच पुढे वापरा. त्रास झालाच तर आधी साध्या तेलाने पुसा, मग साबणाने धुवा.

देवाच्या समईत, पणतीत किंवा पेटत्या निखाऱ्यावर हे तेल ओतू नका, भडका उडू शकतो. डासांच्या मशीनच्या रिकाम्या बाटलीत भरायचा 'जुगाड'ही करू नका.

हे तेल कोणी टाळावं?

• लहान बाळं आणि पाच-सहा वर्षांच्या आतली मुलं
• गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको
• दमा असलेले, कारण तीव्र वासाने धाप लागू शकते
• उघडी जखम, भाजलेली त्वचा, डोळे, नाक, कान आणि नाजूक जागा
• घरात मांजर असेल तर बंद खोलीत वास सोडू नका, असली तेलं मांजरांना बाधतात

पिण्याचा प्रश्नच येत नाही. चीनच्या पारंपरिक वैद्यकात पचौलीचा पाला काढ्यात घालतात, पोटाच्या तक्रारींवर देतात, ते खरं आहे. पण काढ्यातली चिमूटभर पानं वेगळी आणि किलोभर पानांचं सार असलेलं तेल वेगळं.

चुकून पोटात गेलं तर

लेकराने बाटली तोंडाला लावली तर घाबरून बोटं घालून उलटी करवू नका. रॉकेल प्यायल्यावर जो नियम, तोच इथे. उलटीत तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला इजा होते. तोंड पुसून काढा, बाटली सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. खोकला, गुंगी, श्वास लागणं दिसलं तर एक मिनिटही वाया घालवू नका. बाटली फडताळात वर, कुलपात ठेवली तर ही वेळच येणार नाही.

अस्सल की भेसळ?

महाग तेलात भेसळ ठरलेली. पचौलीत गर्जन नावाच्या झाडाचं तेल, देवदाराच्या जातीची लाकडाची तेलं किंवा साधं खाद्यतेल मिसळतात. व्हिडिओत एक युक्ती सांगतात, कागदावर थेंब टाका, डाग उरला तर भेसळ. पचौलीला ही युक्ती लागू नाही. तेल जड आणि रंगीत असल्याने अस्सल थेंबाचाही डाग बराच काळ राहतो. खरी तपासणी प्रयोगशाळेत यंत्रावरच होते.

गिऱ्हाईक म्हणून आपण इतकं करू शकतो:
• लेबलवर पोगोस्टेमॉन कॅब्लिन हे नाव, बॅच नंबर, तारीख आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आहे का पाहा.
• 'इसेन्शियल ऑइल' आणि 'फ्रॅग्रन्स ऑइल' यात फरक आहे. दुसऱ्यात वास कारखान्यातल्या रसायनाचा असू शकतो.
• बाटली गडद काचेची हवी. प्लास्टिकमध्ये सुटं विकतात ते घेऊ नका.
• जिथे १० मिली पचौली आणि १० मिली लिंबू तेल एकाच भावात मिळतं, तिथे शंका घ्या.
• "१०० आजारांवर एक तेल" लिहिलं असेल तर बाटली परत ठेवा.

शेतकऱ्यांनी लागवड करावी का?

आता दुसऱ्या मेसेजकडे. पचौली आपल्या देशात होते, पण सगळीकडे नाही. तिला उष्ण, दमट हवा, थोडी सावली आणि निचऱ्याची जमीन लागते. त्यामुळे कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून ती जमू शकते. मराठवाडा-विदर्भाच्या उघड्या रानात, एप्रिल-मेच्या उन्हात, सावली आणि पाण्याशिवाय तिचा टिकाव लागणार नाही.

बी सहसा धरत नाही, फाटे लावून रोपं करावी लागतात. दोन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एकरी सुमारे ११ हजार रोपं बसतात. पहिली कापणी साधारण ५ महिन्यांनी, मग दर ३-४ महिन्यांनी. मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी हा या पिकाचा मोठा शत्रू. रोपवाटिकेतूनच कीड आली तर अख्खा प्लॉट बसतो. पाणी साचलं तर मुळं कुजतात.

सर्वात मोठा प्रश्न भट्टीचा आणि गिऱ्हाइकाचा. पाला घेऊन कुठे जाणार? जवळ ऊर्ध्वपातनाची भट्टी नसेल तर नुसता पाला विकायला मंडईत जागा नाही. तेलाचा भाव इंडोनेशियातल्या पिकावर खालीवर होतो, त्यावर आपला ताबा नाही. म्हणून "रोपं आमच्याकडून घ्या, तेल आम्हीच घेऊ" म्हणणाऱ्याला चार प्रश्न विचारा. भाव लेखी देता का? भट्टी कुठे आहे? आधी कुणाचं तेल घेतलं, त्या शेतकऱ्याचं गाव सांगा. आणि रोपांचे पैसे आगाऊ का?

उत्तरं गोलमाल आली तर हात जोडा. आवड असेल तर दोन गुंठ्यांपासून सुरुवात करा. लखनौची केंद्र सरकारची 'सीमॅप' संस्था आणि तिचं अरोमा मिशन, कन्नौजचं सुगंध व सुरस विकास केंद्र, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ किंवा तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, इथे आधी विचारा. कर्ज काढून पहिल्याच वर्षी एकरभर लावायचं हे पीक नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• पचौली तेल वासासाठी, अत्तर-साबण-अगरबत्तीसाठी उत्तम.
• मालिशीला चालतं, पण एका चमच्याला एक-दोन थेंबच.
• नायटा, केस गळणे, डेंग्यू यावर त्याच्या भरवशावर राहू नका.
• पिऊ नका, लेकरांच्या हाती लागू देऊ नका.
• लागवडीआधी भट्टी आणि गिऱ्हाईक शोधा, रोपं त्यानंतर.

पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी घरच्यांना निदान यातली दोन वाक्यं नक्की वाचून दाखवा: निव्वळ तेल अंगाला लावायचं नाही आणि कुठलंही वासाचं तेल प्यायचं नाही.